आवर्ती भरणा आणि कार्डाची मुदत : कार्डाचा नवा तपशील व्यापाऱ्यापर्यंत आपोआप कसा पोहोचतो?

प्रस्तावना

वर्गणी ही गोष्ट मराठी वाचकास नवी नाही. नियतकालिकाची वार्षिक वर्गणी मनिऑर्डरने पाठवावयाची, मुदत संपत आली म्हणजे वर्गणी या अंकाबरोबर संपत असल्याची सूचना अंकासोबत यावयाची, आणि पुन्हा पैसे पाठविल्याखेरीज पुढचा अंक हाती पडावयाचा नाही, असा हा व्यवहार अनेक दशके चालत आला. या व्यवहारात वर्गणीदाराने काही केले नाही तर वर्गणी बंद पडत असे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वर्गणीने हे सूत्र उलटे केले. चित्रपटांची सेवा असो, संगणकावरील कार्यप्रणाली असो, विम्याचा हप्ता असो वा एखाद्या धर्मादाय संस्थेस दिलेली मासिक देणगी असो, ग्राहकाने काही केले नाही तर ती चालूच राहते. अशा ठरावीक कालांतराने होणाऱ्या भरण्यास 'आवर्ती भरणा' असे म्हटले जाते.

परंतु कार्ड हे कायमचे नसते. त्यावर मुदतीचा महिना व वर्ष छापलेले असते. ते हरवते, चोरीस जाते, बँक ते बदलून देते. कार्ड बदलले म्हणजे त्यावर आधारलेला आवर्ती भरणा थांबावयास हवा. अमेरिकेत व अन्य अनेक देशांत मात्र तो बहुधा थांबत नाही. कार्डधारकाने व्यापाऱ्यास काहीही कळविलेले नसताना नव्या कार्डाचा क्रमांक व्यापाऱ्याच्या दप्तरी जाऊन पोहोचलेला असतो. हे कसे घडते याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्याचबरोबर, जुन्या कार्डावर दिलेली संमती नव्या कार्डास आपोआप लागू होते काय, हा प्रश्नही येथे विचारात घेतला आहे. हा केवळ तांत्रिक विषय आहे असे समजून वाणिज्य शाखेच्या अध्यापनात तो सहसा वगळला जातो. त्यात ग्राहकाच्या हक्काचा मोठा प्रश्न दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

कार्डावरील अंकांचा अर्थ

कार्डावरील क्रमांक वरवर पाहता यादृच्छिक वाटतो. तो तसा नसतो. त्याची रचना आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरलेली आहे. आरंभीचे अंक कार्ड कोणत्या नेटवर्कचे व कोणत्या बँकेचे आहे हे सांगतात. व्हिसाचे कार्ड ४ या अंकाने सुरू होते, अमेरिकन एक्स्प्रेसचे ३४ किंवा ३७ ने. बँक ओळखण्यासाठी पूर्वी पहिले सहा अंक वापरले जात. बँका व कार्डप्रकार वाढल्याने ही संख्या आता आठ करण्यात आली आहे. मधले अंक त्या बँकेतील विशिष्ट खाते दर्शवितात. शेवटचा अंक हा केवळ पडताळ्याचा असतो. आयबीएम या कंपनीतील हान्स पीटर लून यांनी शोधलेल्या आणि १९६० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या सूत्राने आधीच्या सर्व अंकांवरून तो काढला जातो. टंकलेखनात एखादा अंक चुकला तर हिशेब जुळत नाही व चूक तेथल्या तेथे ध्यानी येते.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कार्डाची मुदत संपल्यामुळे नवे कार्ड येते तेव्हा बहुतेक वेळा क्रमांक तोच राहतो. मुदतीचा दिनांक आणि मागील बाजूचा तीन अंकी सुरक्षा संकेत तेवढा बदलतो. कार्ड हरवले, चोरीस गेले अथवा त्याचा तपशील फुटला तर मात्र क्रमांकच बदलावा लागतो, कारण जुना क्रमांक परक्याच्या हाती पडलेला असतो. पहिला बदल अपेक्षित असतो, दुसरा अकस्मात येतो.

दुसऱ्या प्रकारचा बदल कधी कधी फार मोठ्या प्रमाणावर घडतो. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या संगणकव्यवस्थेत शिरकाव होऊन सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीस गेला आणि तेथील बँकांना मोठ्या संख्येने कार्डे बदलून द्यावी लागली. आपल्याकडे ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांचा तपशील फुटल्याचे उघड झाले, तेव्हा अनेक बँकांनी कार्डे रोखून नवी दिली. पुढे चुंबकीय पट्टीची कार्डे काढून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत चिपची कार्डे द्यावीत, या रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे पुन्हा एकदा कार्डांची मोठी अदलाबदल झाली. अशा प्रत्येक प्रसंगी त्या कार्डांवर अवलंबून असलेले सारे आवर्ती भरणे एकाच वेळी अडचणीत येतात.

व्यापाऱ्याची अडचण

मुदत संपलेल्या कार्डावर व्यापाऱ्याने रक्कम मागितली तर कार्ड देणारी बँक ती नाकारते व नकारासोबत एक सांकेतिक क्रमांक पाठविते. मुदत संपली असल्यास ५४, क्रमांकच अस्तित्वात नसल्यास १४, पुरेशी रक्कम नसल्यास ५१ असे हे संकेत ठरलेले आहेत. यांपैकी ५१ आला तर व्यापारी चार दिवसांनी, पगाराच्या तारखेनंतर पुन्हा प्रयत्न करून पाहतो. ५४ किंवा १४ आल्यावर मात्र थांबून उपयोग नसतो. ग्राहकास पत्र पाठवावे, दूरध्वनी करावा, नवा तपशील मागावा लागतो. पत्र वाचले जात नाही, दूरध्वनी उचलला जात नाही, आणि ग्राहक तुटतो. ग्राहकाने सेवा सोडण्याचा निर्णय घेतलेला नसताना तो गमावणे, यास व्यापारी परिभाषेत 'अनैच्छिक गळती' म्हणता येईल. महाविद्यालयात गळती हा शब्द आपण विद्यार्थ्यांच्या संदर्भात वापरतो. तेथेही शिक्षण नको म्हणून सोडलेला विद्यार्थी आणि शुल्काचा अर्ज वेळेत न भरल्यामुळे नाव कमी झालेला विद्यार्थी यांत फरक करावा लागतो, तसाच हा प्रकार होय.

ही अडचण केवळ व्यापाऱ्याची आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. विम्याचा हप्ता कार्डावरून जात असेल आणि कार्ड बदलल्यामुळे तो अडला, तर आपल्याकडील नियमांनुसार सवलतीचा काळ सर्वसाधारणपणे ३० दिवसांचा, मासिक हप्ता असल्यास १५ दिवसांचा मिळतो. तो उलटून गेला की विमापत्र खंडित होते. आजारपण किंवा मृत्यू नेमका त्यानंतर ओढवला तर कुटुंबावर काय प्रसंग येतो, हे वेगळे सांगावयास नको. पैसे होते, देण्याची इच्छाही होती, केवळ प्लास्टिकच्या तुकड्यावरील चार अंक बदलले होते. अद्ययावतीकरणाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो त्यातील सर्वांत बळकट भाग हाच आहे आणि तो नाकारता येत नाही.

यावर व्यापाऱ्यांनी आरंभी जे उपाय शोधले ते ओबडधोबड होते. काही जण जुन्या मुदतीत तीन किंवा चार वर्षे मिळवून रक्कम मागून पाहत. अंदाज बरोबर निघाला तर भरणा होऊन जाई. काही बँका, व्यवहारावर 'आवर्ती' अशी खूण असल्यास, मुदतीचा दिनांक जुना असला तरी रक्कम मंजूर करीत. पण क्रमांकच बदलला असेल तर यांपैकी कोणताही उपाय चालत नसे.

अद्ययावतीकरण सेवेची कार्यपद्धती

या अडचणीवर तोडगा म्हणून कार्ड नेटवर्कांनीच एक मध्यवर्ती सेवा उभी केली. व्हिसाची 'व्हिसा अकाउंट अपडेटर' आणि मास्टरकार्डची 'ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर' या त्यांतील प्रमुख सेवा होत. अमेरिकन एक्स्प्रेस व डिस्कव्हर यांच्याही याच स्वरूपाच्या सेवा आहेत. नावे वेगळी असली तरी कार्यपद्धती मुळात एकच आहे.

या व्यवहारात चार पक्ष असतात : कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक, व्यापारी, आणि व्यापाऱ्याचे खाते ज्या बँकेत आहे ती बँक. या दोन बँकांच्या मध्ये नेटवर्क असते. कार्ड देणाऱ्या बँकेने एखादे कार्ड बदलले की ती जुना क्रमांक, नवा क्रमांक व नवी मुदत यांची नोंद नेटवर्कच्या मध्यवर्ती संग्रहात पाठविते. खाते बंद झाले असेल तर तशी नोंद करते. हा झाला व्यवहाराचा एक अर्धा भाग. दुसऱ्या भागात व्यापारी, पुढील भरण्याचा दिवस येण्याच्या काही दिवस आधी, आपल्या दप्तरी असलेल्या कार्डांची यादी आपल्या बँकेमार्फत नेटवर्ककडे धाडतो. नेटवर्क ही यादी आपल्या संग्रहाशी ताडून पाहते आणि प्रत्येक कार्डापुढे उत्तर लिहून ती परत करते. उत्तरांचे प्रकार मोजके आहेत. क्रमांक बदलला असल्यास नवा क्रमांक मिळतो. केवळ मुदत बदलली असल्यास नवी मुदत मिळते. खाते बंद झाले असल्यास तसे कळविले जाते. काही वेळा 'कार्डधारकाशी संपर्क साधा' एवढेच उत्तर येते. कार्ड देणारी बँक या सेवेत सहभागीच नसेल तर जुळणीच होत नाही. मग व्यापारी आपल्या दप्तरात दुरुस्ती करून ठरलेल्या दिवशी नव्या तपशिलावर रक्कम मागतो, आणि ती मंजूर होते.

ही याद्यांची देवाणघेवाण मुळात ठरावीक वेळी, गठ्ठ्यांनी होत असे. अलीकडे ती प्रत्यक्ष भरण्याच्या क्षणीही होऊ शकते. व्यापारी जुना क्रमांक पाठवितो, नेटवर्क वाटेतच नवा क्रमांक शोधून पुढे धाडते आणि मंजुरीच्या उत्तरासोबत तो व्यापाऱ्यास कळविते. व्यापाऱ्याने ही सेवा घेण्यासाठी आपल्या बँकेमार्फत नोंदणी करावी लागते व त्यासाठी शुल्क द्यावे लागते. लहान व्यापारी बहुधा हे सारे स्वतः करीत नाहीत. भरणा-सेवा पुरविणाऱ्या मध्यस्थ कंपन्या ते त्यांच्या वतीने करतात, आणि अनेकदा आपण ही सेवा घेत आहोत याची कल्पनाही त्या व्यापाऱ्यास नसते.

नव्या कार्डावरील तीन अंकी सुरक्षा संकेताचे काय, असा प्रश्न जाणकार वाचकाच्या मनात येईल. तो संकेत व्यापाऱ्यास कळविला जात नाही आणि कळविण्याची गरजही नसते. पहिला व्यवहार मंजूर झाल्यानंतर तो जतन करून ठेवण्यास कार्ड उद्योगाच्या सुरक्षा मानकाने व्यापाऱ्यांना मनाई केली आहे. कार्डधारकाच्या अनुपस्थितीत व्यापाऱ्याने सुरू केलेल्या पुढील आवर्ती व्यवहारांत तो मागितला जात नाही. म्हणजे, ज्या अंकांनी कार्ड हाती असल्याचा पुरावा मिळावा, त्यांचा या साऱ्या पुढच्या व्यवहारांशी संबंध उरत नाही.

वरील वर्णनात कार्डधारक कोठे आहे? कार्ड देणारी बँक, नेटवर्क, व्यापाऱ्याची बँक आणि व्यापारी यांच्यातच सारी देवाणघेवाण पार पडते. कार्डधारकाने आपल्या बँकेस कळविल्यास त्याचे कार्ड या सेवेतून वगळता येते, हे खरे. पण अशी सेवा अस्तित्वात आहे हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने तीतून वगळण्याची मागणी करावी, ही अपेक्षा फारशी व्यवहार्य नाही.

टोकनाची पद्धती

दुसरी पद्धती तत्त्वतः निराळी आहे. ईएमव्हीको या कार्ड नेटवर्कांच्या संयुक्त संस्थेने २०१४ मध्ये भरणा-टोकनांचे तांत्रिक मानक प्रथम प्रसिद्ध केले. या पद्धतीत व्यापाऱ्याजवळ कार्डाचा खरा क्रमांक नसतोच. त्याऐवजी त्याच लांबीचा, तसाच दिसणारा पर्यायी क्रमांक असतो. तोच टोकन. कोणते टोकन कोणत्या कार्डाचे, याची नोंद नेटवर्कजवळ सुरक्षित ठेवलेली असते. हे टोकन ज्या व्यापाऱ्यासाठी काढले त्याच्याखेरीज इतरत्र चालत नाही, त्यामुळे ते चोरीस गेले तरी चोराच्या फारसे उपयोगी पडत नाही.

कोटघरातील बिल्ल्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. ग्रंथालयाच्या दारी पिशवी ठेवून आपण क्रमांकाचा बिल्ला घेतो. आत कर्मचाऱ्याने पिशवी एका खणातून दुसऱ्या खणात हलविली तरी आपला बिल्ला बदलावा लागत नाही. टोकनाचेही तसेच आहे. कार्ड बदलले की नेटवर्कच्या नोंदवहीत टोकनापुढील जुना क्रमांक खोडून नवा लिहिला जातो. व्यापाऱ्यास काहीच कळवावे लागत नाही, कारण त्याच्या दप्तरात बदलण्यासारखे काही नसतेच. आधीच्या पद्धतीत नवा क्रमांक निदान प्रवास तरी करीत होता. येथे तोही थांबला.

सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पद्धती नि:संशय सरस आहे. संमतीच्या दृष्टीने मात्र ती अधिक निसरडी म्हणावी लागेल. जो बदल कोणासच दिसत नाही त्याविषयी विचारणा करण्याचे कारणही कोणास जाणवत नाही.

मुदतीचा न योजलेला उपयोग

कार्डावर मुदत का छापतात? प्लास्टिक झिजते, सुरक्षेचे तंत्र जुने होते, आणि ठरावीक वर्षांनी बँकेस ग्राहकाच्या पतीचा फेरविचार करता येतो, ही त्याची नेहमीची कारणे. ग्राहकास आपल्या वर्गण्यांची आठवण व्हावी हा हेतू त्यात कोठेही नव्हता. तरीही व्यवहारात मुदतीने तेच काम केले. तीन-पाच वर्षांनी कार्ड बदले, विसरलेल्या वर्गण्या आपोआप गळून पडत, आणि ज्या सेवा खरोखर हव्या असत त्यांना ग्राहक नवा क्रमांक कळवी.

या निरीक्षणास अलीकडे संख्यात्मक आधार मिळाला आहे. लिरान आइनाव, बेंजामिन क्लोपॅक व नील महोनी या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात अमेरिकेतील दहा लोकप्रिय वर्गणी-सेवांचा अभ्यास केला आहे. ज्या महिन्यात ग्राहकाचे कार्ड बदलले जाते त्या महिन्यात वर्गणी रद्द होण्याचे प्रमाण ठळकपणे वाढते, असे त्यांना आढळले. कार्ड बदलल्यामुळे सेवेचा दर्जा घसरत नाही किंवा किंमत वाढत नाही. बदल होतो तो एवढाच की ग्राहकास पुन्हा एकदा निर्णय घ्यावा लागतो. यावरून त्यांनी असा अंदाज बांधला की, ग्राहक प्रत्येक वेळी पूर्ण लक्ष देऊन निर्णय घेता तर विक्रेत्यांना जे उत्पन्न मिळाले असते, त्याहून दुर्लक्षामुळे मिळणारे उत्पन्न सेवेनुसार १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहून अधिक इतके जास्त आहे.

या आकड्यांच्या प्रकाशात 'अनैच्छिक गळती' ही संज्ञा पुन्हा तपासून पाहावी लागते. कार्ड बदलल्यावर तुटलेल्या ग्राहकांपैकी काही खरोखर नकळत तुटलेले असतात. विम्याचे वर दिलेले उदाहरण त्यांचे. पण काहींना ती सेवा नकोच असते, केवळ बंद करण्याचा त्रास त्यांनी घेतलेला नसतो. अद्ययावतीकरण सेवा या दोहोंत भेद करू शकत नाही. ती दोघांचाही भरणा तितक्याच तत्परतेने चालू ठेवते.

एक तिसरा वर्गही आहे. काही ग्राहक एखाद्या व्यापाऱ्यापासून सुटका व्हावी म्हणूनच बँकेकडून नवा क्रमांक मागून घेतात. वर्गणी बंद करण्याची वाट व्यापाऱ्याने जाणूनबुजून अवघड करून ठेवलेली असते, आणि दुसरा उपाय त्यांना दिसत नाही. कधी चोरलेल्या कार्डावर परक्यानेच एखादी वर्गणी सुरू केलेली असते. बँकेने त्या कार्डाची नोंद पुरेशा काळजीने केली नाही, तर नवा क्रमांक नेमका त्याच व्यापाऱ्याच्या हाती जातो. घराचे कुलूप बदलावे आणि नवी किल्ली जुन्या भाडेकरूस टपालाने जावी, असा हा प्रकार आहे.

अमेरिकेच्या कायद्याची भूमिका येथे पाहण्यासारखी आहे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डे कोणी मागितलेली नसताना टपालाने वाटली. आजचे व्हिसा त्यातूनच पुढे आले. न मागता कार्ड पाठविण्याच्या या प्रथेस १९७० मध्ये तेथील संसदेने बंदी घातली. मात्र त्या बंदीस एक अपवाद ठेवला : ग्राहकाने आधी स्वीकारलेल्या कार्डाचे नूतनीकरण अथवा त्याच्या बदली दिलेले कार्ड. म्हणजे नवे कार्ड ही जुन्याच संबंधाची पुढची पायरी, त्यासाठी वेगळ्या संमतीची गरज नाही, असे कायद्याने मानले. बँक व ग्राहक यांच्यापुरते ते रास्तच होते. अद्ययावतीकरण सेवेने हेच गृहीत बँकेकडून उचलून त्या कार्डाशी जोडलेल्या प्रत्येक व्यापाऱ्यास लावले, आणि ही उडी तितकीशी समर्थनीय वाटत नाही. वर्गणी रद्द करणे हे ती सुरू करण्याइतकेच सोपे असावे, असा नियम तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला होता. तो पूर्णपणे अमलात येण्यापूर्वीच जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरविला.

भारतीय व्यवस्था

भारतात रिझर्व्ह बँकेने या प्रश्नास अगदी वेगळ्या बाजूने हात घातला. २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरील आवर्ती व्यवहारांसाठी ई-मँडेटची चौकट घालून दिली. नोंदणीच्या वेळी ग्राहकाची अतिरिक्त पडताळणी, प्रत्येक भरण्यापूर्वी किमान २४ तास आधी व्यापाऱ्याचे नाव, रक्कम व दिनांक कळविणारी सूचना, आणि मँडेट केव्हाही मागे घेण्याची सोय, ही तिची प्रमुख अंगे होती. पडताळणीविना होऊ शकणाऱ्या पुढील भरण्यांची मर्यादा आरंभी २,००० रुपये होती. ती जानेवारी २०२१ पासून ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंडाची वर्गणी, विम्याचे हप्ते व क्रेडिट कार्डाची बिले यांसाठी ती १ लाख रुपये झाली. या चौकटीची सक्ती १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली, तेव्हा अनेक परदेशी सेवांचे भारतीय कार्डांवरील भरणे धडाधड अडले. परदेशी विद्वत्-संस्थांचे सभासद असलेल्या काही प्राध्यापकांनाही त्याचा अनुभव आला असेल. त्या वेळी बहुतेकांनी रिझर्व्ह बँकेस दोष दिला. त्या निमित्ताने आपण नक्की किती ठिकाणी पैसे भरीत होतो हे अनेकांना प्रथमच समजले, याची चर्चा फारशी झाली नाही.

पुढचे पाऊल कार्डाच्या तपशिलासंबंधी होते. कार्ड देणारी बँक व कार्ड नेटवर्क यांच्याखेरीज कोणीही कार्डाचा प्रत्यक्ष तपशील साठवून ठेवू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने घातला. मुदतवाढी होत होत तो १ ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आला. व्यापाऱ्याजवळ क्रमांकच नसेल तर त्याने यादी कशाची पाठवावयाची? देशांतर्गत व्यवहारांपुरती वर वर्णन केलेली याद्यांची पद्धती यामुळे निरर्थक झाली आणि टोकन हाच मार्ग उरला. हे टोकन कार्ड, टोकन मागणारी संस्था व व्यापारी या तिघांच्या प्रत्येक जोडणीसाठी वेगळे असते. ग्राहकाची स्पष्ट संमती व अतिरिक्त पडताळणी यांविना ते काढता येत नाही, आणि आधीच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती म्हणून चालत नाही.

टोकनाच्या पद्धतीत संमतीचा प्रश्न निसरडा होतो, असे वर म्हटले. ७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात त्याचे नेमके उत्तर आहे. कार्डाचे नूतनीकरण झाले अथवा ते बदलून दिले, तर कार्डधारकाने पूर्वी ज्या व्यापाऱ्यांकडे कार्ड नोंदविले होते त्यांच्याशी नवे कार्ड जोडण्यासाठी कार्ड देणाऱ्या बँकेने त्याची स्पष्ट संमती घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. तांत्रिकदृष्ट्या नोंदवहीतील एक ओळ आपोआप बदलता येत असतानाही ती न बदलता आधी विचारावे, असा हा नियम आहे. अमेरिकेत नकार देण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकली. येथे होकार मिळविण्याची जबाबदारी बँकेवर टाकली. संपूर्ण परिपत्रकात हे वाक्य फारसे लक्ष वेधून घेत नाही. सुरक्षेविषयीच्या दीर्घ तरतुदींपेक्षाही ते अधिक महत्त्वाचे आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, हे जे तत्त्व पुढे आले, त्याच्याशीही ते सुसंगत आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणारे जे १३ प्रकार नमूद केले आहेत त्यांत 'वर्गणीचा सापळा' याचाही समावेश आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. विचारणा फार झाल्या म्हणजे माणूस न वाचताच होकार देतो किंवा सरळ दुर्लक्ष करतो. विम्याच्या बाबतीत हे दुर्लक्ष महाग पडू शकते. आक्षेप खरा आहे, परंतु त्याचे उत्तर विचारणा रद्द करणे हे नव्हे. ज्या भरण्याच्या खंडामुळे संरक्षण जाते असे मोजके भरणे आणि केवळ करमणुकीच्या वर्गण्या यांना एकाच मापाने मोजावे काय, असा विचार मात्र व्हावयास हवा. डिसेंबर २०२३ मध्ये विमा व म्युच्युअल फंडांसाठी वेगळी मर्यादा ठरविताना रिझर्व्ह बँकेने भरण्याच्या प्रकारानुसार भेद करण्याचे तत्त्व रकमेपुरते मान्य केलेच आहे.

जुलै २०२० मध्ये आलेल्या यूपीआय ऑटोपेमुळे या प्रश्नाचे स्वरूप आणखी बदलत आहे. येथे भरणा कार्डावरून नव्हे तर थेट बँक खात्यातून होतो, आणि खात्यास मुदत नसते. कार्डाची मुदत जो अनाहूत विराम देत असे तो येथे मुळातच नाही. त्याची जागा मँडेटमध्ये लिहिलेला अंतिम दिनांक घेऊ शकतो. तो दिनांक दूरच्या एखाद्या वर्षाचा टाकलेला असेल तर तो असून नसल्यासारखाच.

कार्ड देणाऱ्या बँकेने आपल्या ग्राहकास, त्याचे कार्ड कोणकोणत्या व्यापाऱ्यांकडे टोकनरूपाने नोंदलेले आहे याची यादी पाहण्याची व हवी ती नोंद काढून टाकण्याची सोय द्यावी, असेही २०२१ च्या परिपत्रकात म्हटले आहे. ही सोय मोबाइल अ‍ॅप, इंटरनेट बँकिंग, दूरध्वनी किंवा शाखा यांपैकी एका तरी मार्गाने उपलब्ध असावी लागते. वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षास बँकिंग शिकविताना पाठ्यपुस्तकातील धनादेशाच्या रेखांकनावर आपण दोन तासिका खर्च करतो. त्यांपैकी एका तासिकेत विद्यार्थ्यांना ही यादी स्वतःच्या किंवा पालकांच्या अनुमतीने त्यांच्या मोबाइलवर उघडावयास लावावी, तिच्यातील प्रत्येक नोंद केव्हा व कोणी केली हे लिहून काढावयास सांगावे, आणि ज्या नोंदी कोणालाच आठवत नाहीत त्या वेगळ्या मोजाव्यात.